प्रत आणि प्रतिबिंब

प्रत आणि प्रतिबिंब यांत भेद आहे. एका पोथीचें पान वाळवीनें खाल्लें, तरी दुसऱ्या मठांतील प्रतींत तें शाबूत राहतें. आरशापुढची वस्तु उचलली, तर प्रतिबिंबहि नाहींसें होतें. हा साधा भेद विसरल्यामुळें गेल्या वर्षीं जळगांवीं मजवर हळहळण्याची पाळी आली, आणि त्या निमित्तानें ब्राउझरच्या इतिहासाकडे निराळ्या दृष्टीनें पाहण्याचा योग आला.

१९९० च्या १५ ऑगस्ट रोजीं जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं पहिला ब्राउझर सिद्ध केला. तो एकाच जातीच्या संगणकावर चाले. १९९३ सालीं इलिनॉय विद्यापीठांतून निघालेल्या मोझेइकनें या साधनास लोकप्रियता मिळवून दिली. १९९४ सालीं नेटस्केप आला, १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोअरर. आणि त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें आपल्या देशांत इंटरनेट सर्वांस खुलें केलें. विंडोजबरोबर फुकट हातीं येणाऱ्या एक्स्प्लोअररपुढें नेटस्केपचा टिकाव लागला नाहीं. परंतु १९९८ सालीं त्यानें आपल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर जगास खुला केला आणि त्या परंपरेंतून २००४ सालीं फायरफॉक्स पुढें आला. २००८ सालीं गूगलचा क्रोम आला. एकेकाळीं सार्वभौम असलेल्या एक्स्प्लोअररला २०२२ सालीं निवृत्त व्हावें लागलें.

आरंभीं वाचकानें केलेल्या खुणा, म्हणजे बुकमार्क, ज्या संगणकावर केल्या त्यावरच राहत. पुढें कचेरींत एक, घरीं दुसरा आणि खिशांत मोबाइल अशीं तीन यंत्रें एकाच माणसाजवळ जमलीं. तेव्हां या खुणा सर्वत्र सारख्या कशा ठेवाव्या, हा प्रश्न उभा राहिला. मोझिलानें २००७ सालीं ‘वीव्ह’ नांवाचा प्रयोग आरंभिला. २०११ पासून ती सोय फायरफॉक्सच्या अंगचीच झाली. इतरांनींहि तोच मार्ग धरला. एका यंत्रावर झालेला फेरफार दूरच्या सर्व्हरवर नोंदला जातो आणि तेथून बाकीचीं यंत्रें तो उचलतात. यासच सिंक म्हणतात.

परंतु पुसणें हाहि एक फेरफारच आहे. खानदेशाच्या इतिहासाविषयीं अनेक वर्षें जमविलेल्या खुणा मोबाइलवर अडगळ वाटल्या, म्हणून मीं एका संध्याकाळीं त्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशीं घरच्या संगणकावरहि यादी रिकामी! १८८० च्या खानदेश गॅझेटियरच्या ज्या पानांचा माग मोठ्या कष्टानें लावला होता, तोहि गेला. दोष यंत्राचा नव्हे. त्यानें आज्ञा तंतोतंत पाळली होती. सुदैवानें एक जुनी यादी मीं पूर्वीं निराळ्या फाइलींत उतरवून ठेवली होती. ती कोणत्याहि खात्यास जोडलेली नव्हती, म्हणूनच वांचली. तिच्यावरून निम्म्या खुणा परत मिळाल्या.

अशा वेळीं धुळ्याची आठवण होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं तेथें सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि रामदासी वाङ्मयाचीं हस्तलिखितें जमविलीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापून काढलीं. १९२६ च्या ३१ डिसेंबरला त्यांचा धुळ्यासच अंत झाला आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठीं १९२७ सालीं संशोधन मंडळ उभें राहिलें. दोन प्रतींत पाठभेद आढळले कीं संशोधकास त्रास होतो खरा. पण एका लेखकूची चूक दुसरी प्रतच उघडकीस आणते. सर्व प्रती क्षणोक्षणीं एकरूप होत असत्या, तर चूकहि एकरूप झाली असती.

तात्पर्य, सिंक टाकून द्यावें असें मी म्हणत नाहीं. त्याची सोय मी रोज घेतों. परंतु ब्राउझर निवडतांना केवळ त्याची चपळाई पाहूं नये. आपल्या नोंदींची किल्ली कोणाजवळ राहते, हेंहि पाहावें. फायरफॉक्समध्यें त्या आपल्या यंत्रावरच कुलुपबंद होऊन बाहेर पडतात. क्रोममध्यें त्यासाठीं निराळा परवलीचा शब्द आपण होऊन ठरवावा लागतो. आणि दर दोन-चार महिन्यांनीं बुकमार्कांची यादी फाइलींत उतरवून अलग ठेवावी. प्रतिबिंब सोयीसाठीं असावें. प्रत मात्र आपल्या घरीं असावी.