किर्लोस्कर, अण्णासाहेब

(३१ मार्च १८४३–२ नोव्हेंबर १८८५). मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक, नाटककार व नट. पूर्ण नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे. त्यांच्यापूर्वीच्या पौराणिक नाटकांत पदे बहुधा सूत्रधारच म्हणत असे. कालिदासाच्या नाटकावरून रचलेल्या शाकुंतलात (१८८०) किर्लोस्करांनी ती पात्रांच्याच मुखी घातली. सौभद्र (१८८२) या नाटकात संन्यासवेषधारी अर्जुन, भोळा बलराम व कारस्थानी कृष्ण यांच्यामुळे विवाहकथेला प्रसन्न सुखात्मिकेचे रूप आले. त्यांचे समकालीन इंग्रज संगीतकार सर आर्थर सलिव्हन (१८४२–१९००) यांनी गिल्बर्टच्या शब्दांना नव्या स्वररचना दिल्या. किर्लोस्करांनी मात्र साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी पदे इत्यादींच्या रूढ चालींवर स्वतःच शब्द बसविले. त्यामुळे हा नवा नाट्यप्रकार प्रेक्षकांस परका वाटला नाही. रामराज्यवियोग (१८८४) हे नाटक त्यांच्या अकाली निधनाने अपूर्ण राहिले.

त्यांची नाटक मंडळी मात्र टिकली. खानदेशात जळगाव येथे बालपणी मेहबूबखाँकडे गायनाचे धडे घेतलेले नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व १९०५ मध्ये तीत दाखल झाले. शकुंतला व सुभद्रा यांच्या भूमिकांतून त्यांनी किर्लोस्करांची पदे पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचविली.