बोलेल की, कशाला घाबरायलीस?

दत्तजयंतीच्या सप्ताहात आमच्या नांदेडच्या घरी बाबा गुरुचरित्र वाचतात. मागच्या डिसेंबरात दुसऱ्या दिवशी अकरावा अध्याय आला, तेव्हा ताई लातूरहून आलेली होती. तिचा मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा होता आणि त्याच्याकडे एकूण चार शब्द होते. पोथी कापडात गुंडाळताना बाबा म्हणाले, "ऐकलीस ना? साक्षात महाराज सात वर्षं बोलले नव्हते. लेकरू आहे, बोलेल की. कशाला घाबरायलीस?"

ताई काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना तिनं आईला विचारलं, "हा किती वर्षांनी बोलला होता गं?" हा म्हणजे मी. आई म्हणाली, "अडीच. आता बघ, गप्प बसत नाही." ताई हसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

त्या रात्री मी अकरावा अध्याय मोबाइलवर पुन्हा वाचला. लहानपणी तो चमत्कार म्हणून ऐकला होता. या वेळी मला त्यात एका घाबरलेल्या घराची हकिगत दिसली.

कथा विदर्भातल्या कारंज्याची. परंपरेनुसार नृसिंहसरस्वतींचा जन्म १३७८चा. माधव आणि अंबा यांच्या पोटी आलेलं हे बाळ जन्मताच ‘ॐ’ म्हणालं आणि पुढे सात वर्षं दुसरं काहीच बोललं नाही. गावात चर्चा सुरू झाली. मूल मुकं आहे, कुलदेवतेची पूजा करा, रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घाला, असे सल्ले आले. आईबाप रडकुंडीला आले. शेवटी मुलानं खुणेनं सांगितलं की माझी मुंज करा, मग बोलेन. मुंज झाली आणि आईनं भिक्षा वाढताच मुलाच्या तोंडून वेद बाहेर पडले.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. मला अडवलं ते एका बारीक तपशिलानं. हा मुलगा खुणा करत होता. त्याला घरातलं बोलणं कळत होतं, आपलं म्हणणं हातांनी सांगता येत होतं, फक्त शब्द येत नव्हते. उशिरा बोलणाऱ्या मुलाला आज वाचा उपचारतज्ज्ञांकडे नेलं, तर सुरुवातीचे प्रश्न नेमके हेच असतात. हाक मारली की वळतो का? ‘चप्पल आण’ म्हटलं, तर हातानं न दाखवताही आणतो का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का? ‘सात वर्षं बोलले नव्हते’ एवढंच आपण उचललं आणि खुणांची गोष्ट पोथीतच राहिली.

यात बाबांचा किंवा त्यांच्या आधीच्या पिढ्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. न बोलणाऱ्या तान्ह्या लेकराच्या आत काय चाललंय, हे बघायचं साधनच कुणाकडे नव्हतं. होते ते घरचे उपाय. बाळगुटीत वेखंड उगाळायचं. वेखंडाचं संस्कृत नावच ‘वचा’, म्हणजे वाणीशी जोडलेलं. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घालायचा. ऐकू येतं का, हे बघायला पाठीमागे ताट वाजवायचं. ताटाला दचकला की कान चांगले, विषय संपला.

ताटाची परीक्षा मात्र फसवी आहे. काही मुलांना मोठे, जाड आवाज ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज येत नाहीत. असं मूल ताटाला दचकतं, दार आपटलं की वळतं. बोलणं मात्र त्याच्यापर्यंत तुटक पोचतं. जन्मतः बहिरी असलेली बाळंही सुरुवातीचे काही महिने इतरांसारखे हुंकार देतात, त्यामुळे घरात शंका यायलाच उशीर होतो.

आपल्या भाषेतला ‘मूकबधिर’ हा शब्द बघा. दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकत्र शिवलेल्या आहेत. बहुतेकांची वाणी शाबूत असते. जे कधी ऐकलंच नाही, ते बोलणार कसं? १८८०च्या दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं अशा मुलांची देशातली पहिली शाळा निघाली, तिच्या नावातही हे दोन शब्द जोडीनंच होते. पण शाळेत यायचं तर मूल मोठं व्हायला हवं, आणि भाषा शिकायची सगळ्यात मोलाची वर्षं त्याआधीच निघून गेलेली असतात.

तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी शक्य झाली ती अगदी अलीकडे. १९७०च्या दशकात, आवाज दिल्यावर मेंदूपर्यंत जाणारे विद्युतसंकेत डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडांनी मोजता येऊ लागले. यालाच आपण बेरा चाचणी म्हणतो. १९७८मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिलं की निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय बारीक आवाज बाहेर टाकतो. त्यावरून ओएई चाचणी आली. दोन्हींत बाळाला काही सांगावं लागत नाही, करावं लागत नाही. गुरुचरित्र लिहिलं गेल्यानंतर काही शतकांनी ‘याला ऐकू येतं का?’ या प्रश्नाला भरवशाचं उत्तर मिळालं.

उरला दुसरा गट: ऐकू येतं, समजतं, पण बोलत नाही. अमेरिकेत लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी शब्दांची एक यादी तयार केली. पन्नासपेक्षा कमी शब्द, किंवा ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, तर मूल उशिरा बोलणारं धरायचं. अशी मुलं साधारण १० ते २० टक्के असतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त पुढे बरोबरीला येतात. म्हणजे ‘बोलेल की’ हे बऱ्याचदा खरं ठरतं. पण दोन वर्षांच्या वयात, नुसतं बघून, कोण कुठल्या गटात आहे हे घरच्यांना सांगता येत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखाद्या प्रणालीत फक्त यशस्वी व्यवहारांचीच नोंद ठेवली, तर ती नोंदवही बघून कुणीही म्हणेल की इथे कधी काही बिघडतच नाही. घराघरांतल्या गोष्टींचं तसंच आहे. काका चार वर्षांनी बोलला आणि तहसीलदार झाला, ही गोष्ट टिकते. आइन्स्टाइन उशिरा बोलू लागल्याची आठवण त्याच्या घरच्यांनी सांगितली, म्हणून तो आज प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. जो बोललाच नाही, ज्याचे कान कुणी तपासले नाहीत, त्याची गोष्ट सप्ताहात कुणी सांगत नाही. तो चुलत्याच्या शेतावर गुरं राखतो आणि गाव त्याला मुक्या म्हणतं.

आमच्या भागात ही नोंद आणखी महत्त्वाची आहे, कारण मामाच्या मुलीशी लग्न ही मराठवाड्यात जुनी रीत. जवळच्या नात्यातल्या लग्नांत आनुवंशिक बहिरेपणाचा धोका वाढतो. आणि तपासणीच्या जागा लांब होत्या. वाचा-श्रवणाची अखिल भारतीय संस्था १९६५मध्ये म्हैसूरला निघाली, मुंबईत वांद्र्याची राष्ट्रीय संस्था १९८३मध्ये. नांदेडहून मुंबई सुमारे ६०० किलोमीटर. आठवड्याच्या थेरपीला कोण जाणार होतं?

शिवाय आमच्याकडे भाषांचा गुंता. १९५६मध्ये हैदराबाद संस्थानाचे तुकडे पडले, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून काढून मराठवाड्याला जोडले, तर देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं पलीकडे गेली. भाषांनी काही ही रेघ पाळली नाही. ताईच्या सासूबाई देगलूरच्या, नातवाशी तेलुगूत बोलतात. शेजारी दखनी. त्यामुळे पहिला ठपका त्यांच्यावर आला: "तीन-तीन भाषांनी लेकरू गोंधळलंय." खरं तर दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बोलण्याचा विकार होत नाही. मोजताना सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. आजीला गप्प केलं, तर लेकराशी बोलणारं एक माणूस तेवढं कमी होतं.

दुसरा ठपका ताईवर: नोकरी करते, मोबाइल देते. यालाही इतिहास आहे. १९६७मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी एका गाजलेल्या पुस्तकात स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. पुढे ते मत साफ खोटं ठरलं, पण तोवर किती आयांनी स्वतःला दोषी मानलं असेल. मोबाइल कमी करावाच, कारण त्यात बोलण्याची देवाणघेवाण नसते. पण ‘मोबाइलमुळेच’ म्हणून मोकळं झालं की कान तपासायचे राहून जातात.

आता अंतर कमी झालंय. २०१३मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे, त्यात श्रवणदोष आणि भाषेतला उशीर दोन्ही येतात. शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं. डॉक्टर व्हायला अख्ख्या महाराष्ट्रातून मुलं ज्या लातूर-नांदेडला येतात, तिथल्या घरांनी एवढं तरी विचारायला हवं.

जानेवारीत ताईनं भाच्याची बेरा करून घेतली. चाचणीला मूल झोपलेलं लागतं, म्हणून पहाटे चारला उठवून आणला होता. तरी गाढ झोपायला त्याला दोन तास लागले. तेवढा वेळ ताई त्याला मांडीवर घेऊन बसली आणि दाजी दाराबाहेर फेऱ्या मारत राहिले. कान उत्तम निघाले. थेरपी सुरू झाली. आता ‘गाडी आली’, ‘आजी रा’ अशी मराठी-तेलुगू खिचडी चालू आहे.

बाबा म्हणाले, "पाहिलंत? मी म्हणालोच होतो." असेलही. थेरपीनं बोलला की तसाच बोलला असता, हे मला सिद्ध करता येणार नाही. म्हणून एक विनंती: तुमच्या घरात न बोलणारं लेकरू असेल, तर माझ्या भाच्याची गोष्ट सांगून कुणाला धीर देऊ नका. तीही शेवटी यशस्वी नोंदींतलीच एक आहे. त्याचे कान तपासून घ्या.