स्टेडियम होणार, होणार… : एका अविश्वासाचा इतिहास

१/ बेलवलीत सायंकाळी टेनिस चेंडूचा सामना संपला की मुले चहाच्या टपरीपाशी जमतात. अशाच एका सायंकाळी कोणीतरी मोबाइलवर आलेली बातमी मोठ्याने वाचून दाखवली : ‘आपल्या भागात भव्य स्टेडियम होणार.’ टाळी कोणीच वाजवली नाही. बाकावर बसलेल्या एका काकांनी एवढेच विचारले, “सातबारा कोणाच्या नावावर आहे रे?” सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न इतिहासाच्या वर्गात शोभेल असा वाटला. आजचा थ्रेड त्या प्रश्नावर.

२/ बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील क्रीडाप्रेमी अशा घोषणांवर सहसा विश्वास ठेवत नाहीत. त्यांना कोणी निराशावादी म्हणते, कोणी ‘प्रत्येक गोष्टीला नावे ठेवणारे’. पण मुंबई परिसरातील मैदानांचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या अविश्वासाला भक्कम आधार सापडतो. त्याच इतिहासात या अविश्वासाची मर्यादाही दिसते. दोन्ही क्रमाने पाहू.

३/ आधी साधनांविषयी. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील मंदिराच्या बांधणीची ती नोंद. लेखातील दावा पडताळायला मंदिरच समोर उभे आहे. आपल्याकडच्या कोनशिला मात्र बांधकामाच्या आधी बसतात. इतिहासकाराच्या दृष्टीने अशी कोनशिला हे अस्सल साधन खरेच, पण ते साधन समारंभाचे. वास्तू उभी राहिली याचा पुरावा म्हणून ते चालत नाही.

४/ आता मैदानाच्या पहिल्या मोठ्या भांडणाकडे वळू. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, केवळ युरोपियनांसाठी. त्याच एस्प्लनेड मैदानाच्या उरलेल्या भागात पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत. तिथेच युरोपियन मंडळी पोलोही खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडली जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांतून चेंडू उसळे.

५/ १८८१ मध्ये शेकडो हिंदी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज केला : पोलो दुसरीकडे हलवा. सुरुवातीला सरकारने त्यांची बाजू ऐकली आणि पोलोला आवर घातला. जिमखान्याने तक्रार करताच निर्णय फिरला आणि १८८३ मध्ये घोडे पुन्हा मैदानात आले. मैदान मिळाले असे वाटून ते हातातून निसटण्याचा मुंबईकरांचा हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

६/ तरीही पारशी मंडळी अर्ज करीतच राहिली. १८८५ मध्ये त्यांनी स्वतःचा जिमखाना काढला आणि १८८७ मध्ये समुद्रकिनारी केनेडी सी फेसवर त्यांना जागा मिळाली. पुढे त्याच पट्ट्यात इस्लाम जिमखाना आला, आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात या झगड्याची हकीकत आहे. एका पिढीने अर्ज केले, म्हणून पुढच्या पिढ्यांना मैदान मिळाले.

७/ पुढचा टप्पा स्टेडियमचा. भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या. हजारो लोक जमले, पण बसण्याची सोय होती तात्पुरत्या मंडपांत. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. २२ मे १९३६ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमची कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी तिथे पहिला सामना सुरू झाला. म्हणजे दीड वर्षाच्या आसपास!

८/ इतके झटपट कसे झाले? जागा बॅकबे भरावाची होती. या भराव योजनेवर त्याआधीच प्रचंड टीका झाली होती. खुर्शेद नरिमन यांनी तिच्यातील गैरकारभार उघड केला होता आणि गव्हर्नर लॉईड यांच्या नावावरून लोक तिला ‘लॉईडचा मूर्खपणा’ म्हणत. योजनेचा मोठा भाग अपुराच राहिला. पण जी जमीन वर आली ती सरकारच्या ताब्यात होती आणि तिला गिऱ्हाईक हवे होते. अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर ब्रेबॉर्न यांना ‘पैसा हवा की अमर नाव?’ असे सुचवून जागा मिळवली, अशी आख्यायिका आहे. नाव कोणाचे लागले ते आपण जाणतोच.

९/ मग वानखेडे. ब्रेबॉर्न क्लबच्या मालकीचे, सामने मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे. तिकिटांच्या वाट्यावरून दोघांत वर्षानुवर्षे धुसफुस चालली होती. शेषराव वानखेडे हे त्या वेळी असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि विधानसभेचेही अध्यक्ष. आमदारांच्या एका सामन्यासाठी ब्रेबॉर्न मागायला ते क्लबचे प्रमुख विजय मर्चंट यांच्याकडे गेले, नकार मिळाला आणि ‘मग आम्ही आमचे स्टेडियम बांधू’ असे ते सांगून आले, अशी गोष्ट सांगितली जाते.

१०/ गोष्टीतील संवाद कसाही असो, परिणाम नोंदलेला आहे. चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जागेवर, वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत वानखेडे उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली. क्लाइव्ह लॉईड नाबाद २४२. तेव्हाही काही कामे बाकीच होती, पण सामना झाला.

११/ आणखी दोन उदाहरणे. पुण्याजवळच्या बालेवाडीत शिवछत्रपती क्रीडा संकुल झाले, कारण १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ठरल्या होत्या आणि खेळाडू यायचेच होते. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये खुले झाले. त्यामागे एक खासगी शिक्षणसंस्था आणि तिचे स्वतःचे संकुल होते. त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीत कौरच्या संघाने तिथेच विश्वचषक जिंकला.

१२/ ही सारी उदाहरणे एकत्र ठेवली तर तीन गोष्टी दिसतात : जागा, वाली आणि तारीख. जागा म्हणजे वादमुक्त आणि ताब्यातील जमीन. वाली म्हणजे काम अडले तर ज्याची स्वतःची अब्रू जाते अशी व्यक्ती किंवा संस्था. तारीख म्हणजे पुढे ढकलता न येणारा दिवस. ब्रेबॉर्न, वानखेडे आणि बालेवाडी या तिन्ही ठिकाणी हा संगम झाला. संकल्पचित्र किती देखणे होते याने कुठेही फरक पडला नाही.

१३/ आता हीच फूटपट्टी आपल्या पट्ट्याला लावू. उल्हासनगर ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसले, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलेल्या लष्करी छावणीतून. जिथे बराकीत कुटुंबामागे हातभर जागेसाठी ओढाताण होती, तिथे मैदान मागायची कोणाची हिंमत? बदलापूर-अंबरनाथ १९८३ मध्ये नव्या कल्याण महापालिकेत गेले आणि १९९२ मध्ये वेगळे होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. शहर वाढण्याच्या ऐन काळात इथला वालीच बदलत राहिला.

१४/ आणि वाढ किती? २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. एका दशकात सुमारे ७८ टक्के वाढ. अंबरनाथ २,५३,४७५ वर आणि उल्हासनगर ५,०६,०९८ वर पोहोचले. एवढ्या लोकांना घरे लागली आणि घरांना जमीन. ज्या मोकळ्या जागेवर आमच्या आधीची मुले खेळली, तिथे आज पार्किंगसह सात मजले आहेत. त्यात दुष्टावा कोणाचा नाही. माझे स्वतःचे घरही अशाच एका इमारतीत आहे.

१५/ इथे एक कायदा समजून घ्यायला हवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या जमिनीवर ‘क्रीडांगण’ असे आरक्षण पडते. नकाशात हिरवा रंग दिसतो आणि आपल्याला वाटते, मैदान मिळाले. पण ती जमीन बहुधा अजून कोणा खासगी मालकाचीच असते. पालिकेने ती मोबदला देऊन, किंवा मोबदल्यात विकास हक्क देऊन, ताब्यात घ्यायची असते.

१६/ कलम १२७ सांगते : आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि जमीन मोकळी होते. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसता ठराव करणे किंवा प्रस्ताव पाठवणे म्हणजे असे पाऊल नव्हे. टपरीवरच्या काकांचेही म्हणणे नेमके हेच होते!

१७/ मालकाच्या बाजूनेही पाहावे. जमीन वर्षानुवर्षे आरक्षणात अडकवून ठेवायची आणि मोबदलाही द्यायचा नाही, हा त्याच्यावर अन्यायच. म्हणून कायद्याने घड्याळ लावले आहे. गंमत अशी की हे घड्याळ घोषणांच्या काळातही चालूच राहते. नवे स्टेडियम जाहीर होत राहते, आणि जुने क्रीडांगण नकाशातून गुपचूप पुसले जाऊ शकते.

१८/ सध्याची सर्वांत मोठी घोषणा घ्या. २०२४ मध्ये भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. मरीन ड्राइव्हवर अफाट गर्दी उसळली आणि मुंबईला एक लाख प्रेक्षकांचे स्टेडियम हवे, ही चर्चा सुरू झाली. वानखेडेत सुमारे ३३ हजार माणसे मावतात. भिवंडी तालुक्यातील आमणे परिसरात सुमारे ५० एकर जागेचा प्रस्ताव पुढे आला. इथे वाली आहे : मुंबई क्रिकेट असोसिएशन. जागा आणि तारीख या दोन रकान्यांत काय भरले जाते, तिकडे लक्ष ठेवावे. तोवर टाळी राखून ठेवण्यात काही गैर नाही.

१९/ पण स्टेडियम आणि मैदान यांत आपण गल्लत करतो. ठाण्याच्या वास्तूचे नाव पाहा : दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह. प्रेक्षागृह, म्हणजे पाहण्याची जागा. बेलवलीच्या मुलांना खेळण्याची जागा हवी आहे. कबड्डीचे एक मैदान, धावण्याचा एक मार्ग, नेटची एक खेळपट्टी. तासाला पैसे मोजावे लागणाऱ्या टर्फवर ज्याला परवडते तो खेळतो, बाकीचे जाळीबाहेरून पाहतात. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणात तालुक्यागणिक क्रीडा संकुलाची कल्पना आहे. अंबरनाथ आणि उल्हासनगर हे दोन्ही तालुके आहेत. आपली मागणी करायला आधार आहे, तो असा.

२०/ म्हणून अविश्वास योग्यच, पण तो टपरीवर हसण्यात संपला तर उपयोग नाही. १८८३ मध्ये फसवणूक झाली तेव्हा पारशी खेळाडूही हसून घरी जाऊ शकले असते. त्यांनी पुन्हा अर्ज लिहिला. आपल्याकडे तर २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. विचारायचे प्रश्न चारच : विकास आराखड्यात क्रीडांगणाची आरक्षणे किती? त्यांतली ताब्यात किती आली? कलम १२७ च्या नोटिसा किती आल्या? त्यावर काय पावले उचलली?

२१/ मित्रहो, हे प्रश्न ज्याने विचारले त्याची अर्जाची पोच हेही उद्या इतिहासाचे साधन होईल. भूमिपूजनाच्या छायाचित्राहून त्याचे मोल मला जास्त वाटते. काकांचा प्रश्न मी कागदावर उतरवून काढला आहे. तुमच्या गावच्या, वॉर्डाच्या मैदानाचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कोणी पाहिले असेल तर खाली जरूर लिहा. जागा, वाली, तारीख : तिन्ही रकाने भरून.

(समाप्त)