मामाचे हात

मागच्या वीकेंडला कोड सोडून चक्क कायदा वाचत बसलो होतो. कारण माझा मामा. महाड एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तीस वर्षं रिअॅक्टरवर काढलेला माणूस. खुब्याच्या ऑपरेशननंतर रात्री त्याला वात झाला (डॉक्टर डेलिरियम म्हणाले). हवेतच व्हॉल्व्ह फिरवायला लागला, सलाईन उपटलं. मग दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधले. आम्हाला विचारून. हो म्हणणारा मीच. कोणीतरी कुजबुजलंही, "रत्नागिरीला न्यावं लागतंय बहुतेक." आमच्याकडे याचा अर्थ एकच, तिथलं १८८६ सालचं मनोरुग्णालय.

तर हा बांधण्याचा इतिहास. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ साली मनोरुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या प्यूसँने. श्रेय मात्र बरीच वर्षं पिनेल या डॉक्टरच्या नावावर. प्यूसँ डॉक्टर नव्हता. आधी तिथलाच पेशंट, मग वॉर्डचा प्रमुख. म्हणजे आजच्या हिशेबात नर्सिंगवालाच की! साखळीच्या जागी त्याने हात जखडणारा सदरा आणला, हेही खरं. तो सदरा आणि पट्टेसुद्धा लंडनजवळच्या हॅनवेलला कोनोलीने १८३९ मध्ये बंद केले. मात्र त्यासाठी लक्ष ठेवायला माणसं लागतात. गोम तिथेच आहे.

आपल्याकडे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळदंडातले २८ जण पळूच शकले नाहीत. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीवर पूर्ण बंदी घातली. बांधायचं तर तात्काळ धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, कारण नोंदवून. आणि एक कलम वाचून मी थबकलोच: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. पण हे मानसिक आरोग्य संस्थांसाठी. मामा तर साध्या हाडांच्या वॉर्डात. त्या रात्री अख्ख्या वॉर्डाला सिस्टर एकच.

सकाळच्या सिस्टरने आल्या आल्या पट्ट्या सोडल्या. चष्मा लावला, खिडकी उघडली, डॉक्टरांना विचारून लघवीची नळी काढली, सलाईनची सुई बँडेजखाली झाकली. मामीला म्हणाली, "हात धरून बसा, वार सांगत राहा." संध्याकाळपर्यंत मामा बराच शांत झाला.

आता घरी आहे. त्या रात्रीचं काही आठवत नाही म्हणे त्याला. मी अजून विचारलेलं नाही.