‘लिटल होंडा’: छोट्या मोटारसायकलचे गाणे

‘लिटल होंडा’ हे कॅलिफोर्नियातील ‘द बीच बॉइज’ या गायक-वादकांच्या चमूचे १९६४ मधील गाणे. ब्रायन विल्सन आणि माइक लव्ह यांनी रचलेले हे गाणे त्या वर्षीच्या जुलैमध्ये ‘ऑल समर लाँग’ या अल्बममधून श्रोत्यांपुढे आले. वेग, मोकळी हवा आणि मागच्या सीटवर बसलेली सोबतीण एवढाच त्याचा विषय. भरभरून आनंद देणाऱ्या या गाण्याला त्या काळातील एका मोठ्या बदलाची पार्श्वभूमी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारसायकल म्हटले की कातडी जाकिटातील दांडगट टोळ्या आठवत. १९५३ मधील ‘द वाइल्ड वन’ या मार्लन ब्रँडोच्या चित्रपटाने ही प्रतिमा पक्की केली. १९५९ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने लॉस एंजेलिसमध्ये बस्तान मांडले, तेव्हा याच प्रतिमेशी तिची गाठ होती. तिच्याजवळ १९५८ मध्ये जपानात आलेली सुपर कब होती. अमेरिकेत ती ‘होंडा ५०’ म्हणून विकली गेली. ४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, हाताने दाबावा न लागणारा क्लच आणि पाय पलीकडे न टाकता बसता येईल अशी बांधणी, यांमुळे नवशिक्यालाही ती सहज चालवता येई. १९६३ पासून जाहिरातींत विद्यार्थी, गृहिणी, नोकरदार अशी साधी माणसे होंडावर दिसू लागली.

मोटारसायकल साध्या माणसांचीही आहे, हाच विश्वास ‘लिटल होंडा’ने सुरांत आणला. गाडीचे तीन गिअर एकामागून एक पडतात, ते गाण्याच्या ध्रुवपदातच गुंफलेले आहे. सुरुवातीपासून घुमणारी गिटार इंजिनाच्या घरघरीचा भास देते.

निर्माता गॅरी अशर याने लगेच हे गाणे वेगळ्या गायक-वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतले आणि ‘द हाँडेल्स’ या नावाने बाजारात आणले. ही आवृत्ती त्याच वर्षी ‘बिलबोर्ड’च्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. त्याच सुमारास ‘द शांग्री-लाज’चे ‘लीडर ऑफ द पॅक’ हे गाणेही गाजत होते, त्यात मोटारसायकलस्वाराचा अपघाती मृत्यू होतो. जुनी धास्ती आणि नवा आनंद असे एकाच हंगामात शेजारी नांदत होते. अमेरिकी तरुणाईच्या मनात मोटारसायकलची जागा कशी बदलत होती, याचा ‘लिटल होंडा’ हा बोलका पुरावा आहे.