प्राग : दोन किलोमीटरांची वाट आणि एका पराभवाची स्मृती (थ्रेड)

१/ प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात, नगरभवनाच्या पूर्वेकडील भिंतीलगत, फरसबंदीत २७ पांढरे क्रूस जडवलेले आहेत. जवळच १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. माना उंचावून त्याकडे पाहणाऱ्या गर्दीचे लक्ष पायाखालच्या या खुणांकडे क्वचितच जाते.

२/ या चौकातून व्हल्टावा नदीवरील चार्ल्स पुलावरून प्राग किल्ल्याकडे जाणारी वाट जेमतेम दोन किलोमीटरांची आहे. बोहेमियाच्या राजांची राज्याभिषेकाची मिरवणूक याच मार्गाने जात असे. १७व्या शतकातील बंडाचा इतिहास मात्र ही वाट उलट्या क्रमाने सांगते : आधी शिक्षा, शेवटी कारण.

३/ ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या बिला होरा, म्हणजे ‘पांढरी टेकडी’, येथे बोहेमियाच्या बंडखोर, मुख्यतः प्रोटेस्टंट, सैन्याचा हॅब्सबर्ग सम्राटाच्या फौजेने दोन तासांच्या आत पराभव केला. २१ जून १६२१ रोजी या चौकात २७ जणांना देहदंड देण्यात आला : ३ उमराव, ७ सरदार आणि १७ नागरिक. फरशीतले क्रूस त्यांचेच.

४/ त्यांत विद्यापीठाचे प्रमुख यान येसेनियस होते. १६०० साली प्रागमध्ये जाहीर शवविच्छेदन करून दाखवणारे हे वैद्य. शिरच्छेदापूर्वी त्यांची जीभ कापण्यात आली. बंडाची बाजू त्यांनी वाणीने मांडली होती. शिक्षाही तिलाच आधी झाली.

५/ चौकातून अरुंद कार्लोवा गल्लीने पुलाकडे गेल्यास जुन्या शहराच्या बाजूचा बुरूज लागतो. १२ जणांची शिरे या बुरुजावर टांगण्यात आली. बहुतेक शिरे तेथे दहा वर्षे राहिली. १६३१ मध्ये सॅक्सन सैन्याने शहर घेतल्यावर ती उतरवली गेली. बाजारहाटासाठी पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाला हा इशारा रोज दिसत होता.

६/ १६२७च्या नव्या राज्यघटनेने बोहेमियाचे सिंहासन हॅब्सबर्ग घराण्याकडे वंशपरंपरेने दिले. जर्मन भाषेला चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला आणि कॅथलिक हाच एकमेव मान्य पंथ ठरला. पंथ बदला किंवा देश सोडा, एवढेच पर्याय उरले. थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस १६२८ मध्ये देशोधडीला लागले, ते कायमचेच.

७/ पूल मात्र या संघर्षाहून कितीतरी जुना. १३४२च्या महापुरात आधीचा पूल मोडला. १३५७ मध्ये चौथ्या चार्ल्सने नव्याची पायाभरणी केली. लांबी ५१६ मीटर, कमानी १६. आज त्यावर दिसणाऱ्या ३० शिल्पांपैकी बहुतेकांची परंपरा १६८३ नंतरची, म्हणजे विजयी कॅथलिक सत्तेच्या काळातली आहे. ज्या वाटेवर शिरे टांगली गेली, तिथेच पुढे संतांची रांग उभी राहिली.

८/ या रांगेत गोव्याशी नाते असलेले एक शिल्प आहे. १५४२ मध्ये गोव्यात आलेले आणि ज्यांचे पार्थिव आज जुन्या गोव्यात आहे, त्या फ्रान्सिस झेवियर यांचे शिल्प ब्रोकॉफ यांनी १७११ मध्ये घडवले. त्यात पौर्वात्य व्यक्तिरेखा संताचा भार पेलताना दिसतात. जेझुइटांचे प्रागमधील मोठे केंद्र, क्लेमेंटिनम, पुलालगतच होते.

९/ १८९०च्या पुराने झेवियर आणि लोयोला, या दोन्ही जेझुइट संतांची शिल्पे नदीत लोटली. झेवियर यांची प्रतिकृती १९१३ मध्ये परत आली. लोयोलांच्या जागी १९३८ मध्ये स्लाव्ह लोकांचे धर्मप्रचारक सिरिल आणि मेथोडियस उभे राहिले. मधल्या काळात, १९१८ मध्ये, चेकोस्लोवाकिया स्वतंत्र झाला होता.

१०/ चौकातही तेच घडले. स्वीडिश सैन्यापासून शहर वाचल्याबद्दल १६५० मध्ये उभारलेला मेरीचा स्तंभ ३ नोव्हेंबर १९१८ रोजी जमावाने पाडला. हॅब्सबर्ग विजयाचे प्रतीक म्हणून तो त्यांच्या डोळ्यांत सलत होता. १४१५ मध्ये जिवंत जाळलेल्या यान हुस यांचे स्मारक तेथे १९१५ पासून होतेच. २०२० मध्ये मेरीचा स्तंभ पुन्हा उभा राहिला. आज दोन्ही एकाच चौकात आहेत.

११/ पूल संपतो, चढण सुरू होते, आणि किल्ल्यात एक खिडकी भेटते. १६०९ च्या सनदेने दिलेले धर्मस्वातंत्र्य पायदळी तुडवले जात असल्याच्या संतापातून २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट उमरावांनी सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि एक चिटणीस येथून खाली फेकले. तिघेही वाचले. कॅथलिकांनी याचे श्रेय मेरीला दिले, विरोधकांनी खालच्या उकिरड्याला. वाचलेल्या चिटणिसाला पुढे सम्राटाने सरदारकी बहाल केली.

१२/ येथून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले. १६४८ मध्ये स्वीडिश फौजेने किल्ल्याकडचा काठ घेतला. पण याच पुलावर विद्यार्थी आणि नागरिकांनी तिला अडवले. ज्या शहराने सम्राटाविरुद्ध बंड केले होते, त्याच शहराची पुढची पिढी त्याच्या बाजूने लढली. बुरुजाच्या पश्चिम दर्शनी भागाची त्या लढाईत झालेली हानी आजही दिसते : नदीकडची ती बाजू अलंकारांविना उभी आहे.

१३/ म्हणून प्राग पायी पाहताना एक प्रश्न सोबत ठेवावा : कोणती स्मृती उंचावर आहे, कोणती पायाखाली, आणि ती तेथे कोणी व केव्हा ठेवली? पुतळ्यांच्या जागा सत्ता बदलत गेली तशा बदलल्या. ते २७ क्रूस शोधण्यासाठी मात्र मान खालीच घालावी लागते.