सुराचे गिऱ्हाईक

बीडहून सोलापूरच्या सडकेने निघाले म्हणजे थोड्याच वेळात पाली लागते. बालाघाटाच्या डोंगरांतून उतरणारी बिंदुसरा या गावाजवळ बांध घालून अडविली आहे. तलाव भरला असेल त्या वर्षी येथील हरिनाम सप्ताह थोडा अधिक थाटाने होतो. अशाच एका सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, मंडळींनी नवीन आणलेली विजेची पेटी प्रथमच कीर्तनाच्या साथीस लाविली. गावात तिला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, मग कारखाना कोणताही असो. वर्गणी बहुतांशी ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांनी दिली होती, आणि ते पैसे कसे मिळालेले असतात हे या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. पेटीत शेकडो वाद्यांचे आवाज असल्याचे दुकानदाराने सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. बुवांनी अभंग उचलला, आणि गंधारावर येऊन ते किंचित थबकले. पेटीचा गंधार त्यांच्या गंधाराच्या वर जाऊन बसला होता. पुढे चार ओळी झाल्यावर कोणीतरी हळूच जुनी भात्याची पेटी पुढे सरकविली आणि कीर्तन मार्गी लागले.

प्रसंग लहान आहे. परंतु वाद्य विकत घेणाराचा जो इतिहास आहे, तो सगळा त्या थबकण्यात आला आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. वाद्ये करणारांचा इतिहास लिहिला गेला आहे, वाजविणारांचा तर पुष्कळच लिहिला गेला आहे. पैसे मोजून वाद्य घरी नेणाराचा मात्र कोणी लिहीत नाही. त्यास दुकानात काय सांगितले गेले, घरी गेल्यावर काय ऐकू आले, आणि त्या दोहोंतील अंतर त्याने कसे भरून काढले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम भात्याची पेटी. ही मूळची आपली नव्हे हे सर्वांस ठाऊक आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने गेल्याच्या मागील शतकात, १८४० च्या सुमारास, तिचा हक्क नोंदविला. पाद्र्यांबरोबर ती इकडे आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने तिला भारतीय बैठकीस सोयीचे रूप देण्यात पुढाकार घेतला. आणि १८८० पासून संगीत नाटकाने तिला महाराष्ट्रात घरोघर नेले. आमच्या भागात ती येणे त्याहून कठीण होते. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. पुण्या-मुंबईहून माल आणावयाचा तर हद्दीवर करोडगिरीचा नाका, आणि खिशात हाली शिक्का: १०० कलदार रुपयांस ११६ हून अधिक हाली रुपये मोजावे लागत. आगगाडी तर बीड शहरास येण्यास २०२५ साल उजाडावे लागले. एवढ्या खटाटोपाने आणलेली पेटी वाजली नाही तर ती परत नेण्याचा विचारही कोणी करीत नसे. ती येथेच वाजती करून घ्यावी लागे.

वाजती करून घेणे म्हणजे काय, हे नीट सांगितले पाहिजे. सगळा कळीचा मुद्दा येथेच आहे. पेटीचे सूर युरोपीय पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग पाडून लाविलेले असतात. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. समान भागांचा गंधार पडतो सुमारे ३०२.४ चा. अडीच कंपनांचाही फरक नाही. पण ज्याने आयुष्यभर विणेशी गळा मिळविला, त्यास तो खड्यासारखा लागतो. तरी गावोगाव पेट्या दुरुस्त करीत फिरणारा कारागीर असे. तो पेटी उघडी, पितळी सूर काढी, आणि जिभेच्या टोकाकडे खरवडले तर सूर चढतो, बुडाकडे खरवडले तर उतरतो, या एवढ्याशा ज्ञानावर गायकास समोर बसवून एकेक सूर त्याच्या पसंतीस आणी. पालीच्या जुन्या पेटीचे असेच झाले होते. तिचा गंधार पॅरिसचाही नव्हता आणि कलकत्त्याचाही नव्हता. दोन पिढ्यांच्या बुवांनी कानसेने उतरवून घेतलेला तो खास पालीचा गंधार होता.

या बाबतीत सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक म्हणून एकाचेच नाव घ्यावयाचे तर कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे घ्यावे लागेल. सरकारी नोकरीतील हे डेप्युटी कलेक्टर तारेवर आणि कंपनांच्या गणितावर श्रुती मोजीत बसत. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गळा त्यांस प्रयोगासाठी लाभला. १९१० साली त्यांनी २२ श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे सातारचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने त्यांनी थेट लंडनच्या मूर आणि मूर पेढीकडून श्रुतींची पेटी करवून घेतली. आहे तो माल पुढे करणाऱ्या दुकानदारास 'मला हवा तो सूर असा आहे' असे आकड्यांत लिहून कळविणारे गिऱ्हाईक त्यापूर्वी फारसे कोणी पाहिले नसेल. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती पेटी तज्ज्ञांपुढे आली आणि वाद माजला. देवलांच्या सर्वच श्रुती गायकांस मान्य झाल्या नाहीत. पेटीही बाजारात चालली नाही. तरीही विकत घेणाराने विक्रेत्यास सूर शिकविण्याचा हा प्रयत्न आजच्या गिऱ्हाइकांस माहीत असावयास हवा होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीस दार बंद केले आणि १९७० नंतर कोठे ते किलकिले केले. त्या बहिष्कारामागे जो सुराचा आक्षेप होता, त्यावर देवल तीस वर्षे आधी उपाय शोधीत होते.

इकडे हे चालले असता परदेशात विजेची वाद्ये दुकानांत येऊ लागली होती. त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांचे अनुभव मोठे बोधक आहेत. थेरेमिन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचे, हात न लावता हवेत हात हालवून वाजवावयाचे यंत्र अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९२९ साली विक्रीस काढले. ज्यास गुणगुणता येते त्यास हे वाजविता येईल, अशा थाटाची जाहिरात. किंमत १७५ डॉलर. कर्णा आणि दिवे निराळे घ्यावयाचे. ज्यांनी घेतले त्यांस आठवडाभरात कळले की, हवेत सूर धरणे हे सारंगीच्या तारेवर धरण्याहून अवघड आहे. तिथे निदान बोटाखाली तार तरी असते. पाचशेच्या आसपास यंत्रे झाली आणि विक्री आटोपली. १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंड यांचा विजेचा ऑर्गन आला. चर्चमधील मोठ्या नळ्यांच्या ऑर्गनासारखाच हा वाजतो, असा दावा होता. नळ्यांचे ऑर्गन करणारांनी तक्रार केली, आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे चौकशी झाली. शिकागोच्या एका मोठ्या प्रार्थनामंदिरात जाणकारांस आणि विद्यार्थ्यांस बसवून, न दाखविता दोन्ही वाद्ये ऐकविण्यात आली. कित्येकदा जाणकारांसही ओळख पटली नाही! तथापि आयोगाने कंपनीस काही दावे मागे घेण्याची आज्ञा केलीच. गिऱ्हाइकास दिलेले वचन मोजून पाहण्याचा असा सरकारी प्रसंग वाद्यांच्या व्यापारात दुर्मिळच म्हटला पाहिजे. हॅमंडचा खप मात्र त्यामुळे कमी झाला नाही. लोकांस तो ऑर्गनासारखा नव्हे, हॅमंडसारखा वाजतो म्हणूनच पुढे आवडला.

मुंबईत या यंत्रांची पहिली गाजलेली खरेदी म्हणजे क्लेव्हिओलिन. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाने १९४७ मध्ये सिद्ध केलेले हे पट्ट्यांचे छोटे वाद्य कल्याणजी वीरजी शाह यांच्या हाती आले, आणि १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात त्यांनी त्यातून पुंगी काढली. पॅरिसच्या वाद्यातून निघालेली पुंगी साऱ्या देशाने गारुड्याची समजून ऐकली. खेडोपाडी अस्सल गारुड्यांवर तीच धून वाजविण्याची पाळी आली, असे आमच्या लहानपणी वडीलधारे सांगत. विकणाराने जे सांगितले नव्हते ते घेणाराने त्यातून काढले, याचे याहून ठसठशीत उदाहरण एकच आहे, आणि तेही मुंबईचेच.

ते म्हणजे चरणजित सिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालविलेल्या या वादकाने रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे घेतली: ज्युपिटर-८, तालाचे टीआर-८०८ आणि खर्जाचे टीबी-३०३. त्या काळी परदेशी यंत्र घेणे म्हणजे जकात, परवाने, आणि शेवटी कोणाच्या तरी प्रवासी सामानात ते बांधून आणणे. सिंग यांनी टीबी-३०३ सिंगापुरास घेतले. हे चंदेरी डबडे कंपनीने विकले ते बास गिटार वाजविणारा सोबती नसेल तर त्याचे काम करील म्हणून. ते काम ते अगदीच वाईट करी. युरोप-अमेरिकेतील गिऱ्हाईक निराश झाले, १९८४ मध्ये उत्पादन थांबले, सुमारे दहा हजार नग काय ते निघाले, आणि जुन्या बाजारात ते कवडीमोलाने जाऊ लागले. परंतु त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक कळ होती. गिटारवाल्यास तिचे अगत्य नव्हते. ज्याचे कान मिंडेवर वाढले त्यास ती कळ लगेच सापडली. सिंग यांनी त्यावर दहा राग बसविले आणि १९८२ मध्ये मुद्रित केलेली ती तबकडी एचएमव्हीने काढली. खपली नाही. पुढे पाच वर्षांनी शिकागोच्या काही तरुणांनी त्याच टाकून दिलेल्या यंत्रातून जे नृत्यसंगीत काढले, त्याने जगभर नाव कमावले. आणि २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. उतारवयात त्यांस परदेशांतून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते वारले.

सर्वच खरेदी अशी भाग्याची नसते. तंबोऱ्याची गोष्ट घ्या. मिरजेस तंबोरा घ्यावयास जाणे हा गायकाच्या जन्मातील एक सोहळाच असे. शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांपासून, म्हणजे १८५० च्या आगेमागे, चालत आलेला तो धंदा. भीमेकाठचे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे. आणि शेवटी जवारी. घोडीची हस्तिदंती वा शिंगाची पाठ घासता घासता कारागीर तार छेडी आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाही. गिऱ्हाइकाने मान डोलावली की कानस खाली ठेवावयाची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण तंबोरा घेण्याची ऐपत, तो ठेवण्यास जागा आणि तो छेडणारा शिष्य या तिन्ही गोष्टी किती घरांत उरल्या?

बंगळूरच्या जी. राज नारायण यांस हीच अडचण पडली होती. ते बासरीवादक आणि अभियंता. १९७९ मध्ये मद्रासच्या संगीत अकादमीच्या परिषदेत त्यांनी आपला विजेचा तंबोरा मांडला. थोड्याच वर्षांत हातात मावणाऱ्या त्या डब्या महाराष्ट्रात सर्वत्र पसरल्या. त्यांस नाके मुरडणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्यातील कित्येकांच्या घरी आज ती डबी आहे. सुरुवातीच्या यंत्रांत उष्णतेने सूर सरके, आणि आमच्याकडे वीज जाण्याची तर वेळच ठरलेली. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: तिच्यात सूर चढविण्या-उतरविण्याचे बारीक चाक होते. करणारा स्वतःच गिऱ्हाईक असल्यामुळे, गिऱ्हाइकास काय हवे हे त्यास विचारावे लागले नाही.

उलट जपानी कॅसिओने १९८० मध्ये पहिला कॅसिओटोन काढला, तो घराघरांत स्वस्त संगीत पोचविण्यासाठी, बुवांसाठी नव्हे. मोठ्या कंपन्यांनी पुढे खास भारतासाठी तबला आणि तंबोरा भरलेल्या पेट्या काढल्या खऱ्या. पण दुकानात अजूनही तो जुनाच खेळ चालतो. आमच्या मंडळींबरोबर एका शहरातील दुकानात लेखक गेला होता. विक्रेत्याने एक कळ दाबली, आणि यंत्राने आपले आपण एक झगमगीत गीत वाजविले. पखवाजाच्या गडगडाटाने चौघेही हरखले. षड्ज धरून त्यावर गंधार ऐकवा, असे म्हणण्याचे कोणास सुचले नाही, आम्हांसही नाही. पावती झाली. पुस्तिका इंग्रजीत, बारीक टाइपात. ती खोक्यातच राहिली.

सप्ताहानंतर महिनाभर ती पेटी देवळाच्या खोलीत कापडाखाली होती. एके दिवशी गावातील अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने ती पुस्तिका वाचून काढली, आणि कोठे तरी आतल्या पानावर त्यास एकेक सूर स्वतंत्रपणे चढविण्या-उतरविण्याची सोय सापडली. अर्धस्वराचे शंभर भाग करून त्यातील हवे तितके कमी-अधिक करावयाचे. त्याने बुवांस बोलावून आणले. त्यांनी काळी दोनचा षड्ज धरला, मुलाने गंधार चौदा भागांनी उतरविला. बुवा ऐकत राहिले, मग जुनी पेटी मागवून घेतली, दोन्ही गंधार एकामागून एक वाजविले, आणि म्हणाले, "अजून थोडा खाली घे."